१८ जीबीचा एक तास: गेमप्लेचं रेकॉर्डिंग लहान करताना

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या गेमिंग झोनमधले सामने, सिडको आणि नाशिक रोडच्या मुलांनी घरून खेळलेले सराव, मराठी कॉमेंट्रीसकटचे लांबलचक स्ट्रीम असं सगळं रेकॉर्डिंग आमच्याकडे एका ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर साठत होतं, आणि ती भरली. नवी डिस्क घेता आली असती. पण या फाइल्स पुन्हा पुन्हा पाहिल्या जातात, एडिटिंगसाठी एकमेकांकडे जातात, आणि सातपूरहून नाशिक रोडला पाठवायची फाइल दर वेळी १८ जीबीची असली की काम अडतं. म्हणून चित्र न बिघडवता सगळा साठा लहान करायचं ठरवलं. ते कसं केलं, कुठे अडलं आणि का, ते इथे लिहितो आहोत.

आकाराचा हिशोब आधी पक्का हवा. बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट्स, मेगाबिटमध्ये घ्या, सेकंदांनी गुणा, ८ ने भागा. उत्तर मेगाबाइटमध्ये येतं. सेकंदाला ४० मेगाबिटने केलेलं एक तासाचं रेकॉर्डिंग म्हणजे ४० गुणिले ३६०० भागिले ८, म्हणजे १८,००० एमबी, अर्थात १८ जीबी. रिझोल्यूशन, फ्रेम रेट, गेम कोणता, यातलं काहीही या हिशोबात थेट येत नाही. आकार ठरवतात ते फक्त बिटरेट आणि वेळ. बाकीच्या गोष्टी ठरवतात की तेवढ्या बिटरेटमध्ये चित्र नीट बसेल की नाही.

आणि गेमप्ले नीट बसणं अवघड असतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, वेगवान हालचालीत आपसूक थोडा अस्पष्ट होणारा. गेम ६० फ्रेमचा आणि प्रत्येक फ्रेम काठोकाठ धारदार. खेळाडूने माउस झटकन फिरवला की पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल जागा बदलतो, आणि मागच्या फ्रेममधला जो भाग तसाच उचलता आला असता तो व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरच्या हाताला लागत नाही. त्यात गवत, झाडांची पानं, पाऊस, धूर, ठिणग्या आल्या की प्रत्येक ठिपका वेगळ्या दिशेला जातो. याउलट व्हॅलोरंटच्या साध्या रंगांच्या भिंती किंवा माइनक्राफ्टमधलं सावकाश बांधकाम अगदी कमी बिट्समध्ये मावतं. म्हणून ‘१०८०पी ६० फ्रेमला किती बिटरेट ठेवायचा’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. सगळ्या फाइल्सना एकच सरासरी बिटरेट दिला, तर माइनक्राफ्टमध्ये बिट्स वाया जातात आणि रेसिंग गेममध्ये रस्त्याकडेच्या गवताचा चिखल होतो. आम्ही आकार आधी ठरवलाच नाही. दर्जा ठरवला आणि आकार जो येईल तो येऊ दिला. एन्कोडरमध्ये याला कॉन्स्टंट क्वालिटी म्हणतात. हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये त्याचा आकडा आरएफ, कमांड लिहून चालवायच्या एफएफएमपेगमध्ये सीआरएफ.

हा आकडा ठरवायला अख्खी फाइल एन्कोड करत बसू नये. प्रत्येक गेममधून २० ते ३० सेकंदांचे तीन तुकडे काढले: सगळ्यात वाईट हालचालीचा एक, अंधाऱ्या दृश्याचा एक, आणि नकाशा, स्कोअरबोर्ड किंवा बारीक अक्षरं असलेला एक. तुकडे लॉसलेसकट या प्रोग्रॅमने काढले, कारण ते पुन्हा एन्कोड न करता कापतं. त्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी: कापणी कीफ्रेमवरच, म्हणजे मागच्या फ्रेमवर न विसंबता पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच, नीट बसते. रेकॉर्डिंगमध्ये दर २ सेकंदांनी कीफ्रेम असेल तर तुकडा सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे सुरू होतो. चाचणीला ते चालतं. जो आकडा या अवघड सेकंदांत टिकतो तो बाकीच्या तासभरात टिकतोच. लॉबीत उभ्या असलेल्या पात्रावर चाचणी घेऊन काहीच कळत नाही.

आता हँडब्रेक. मोफत आहे, खिडक्या-बटणांचं आहे आणि आतले एन्कोडर तेच आहेत जे जाणकार एफएफएमपेगमधून वापरतात. पण उघडल्या उघडल्या ‘फास्ट १०८०पी३०’ हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, निवडलेला असतो आणि गेमप्लेसाठी त्यातल्या चार गोष्टी बदलाव्याच लागतात. पहिली म्हणजे फ्रेम रेट. हा प्रीसेट ६० फ्रेमचं रेकॉर्डिंग ३० वर आणतो. फाइल छान लहान होते, लोक खूश होतात आणि मग खेळ अडखळतो असं का वाटतंय ते शोधत बसतात. व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेम रेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’ करावा आणि शेजारी ‘कॉन्स्टंट’ निवडावं. दुसरी, डायमेन्शन्स टॅबमधलं क्रॉपिंग. ते आपोआप काळ्या पट्ट्या शोधतं. गुहेतलं किंवा रात्रीचं दृश्य असेल तर त्याची फसगत होऊन कडेचा भाग कापला जाऊ शकतो, आणि कडेलाच तर आरोग्यपट्टी, गोळ्यांचा आकडा, नकाशा असतो. क्रॉपिंग ‘नन’ ठेवावं. त्याच टॅबमध्ये १०८०पीची कमाल मर्यादाही असते, १४४०पीचं रेकॉर्डिंग असेल तर ती काढावी. तिसरी, फिल्टर्स टॅब. तिथे डीइंटरलेसचा ‘डीकॉम्ब’ चालू असतो. तो टीव्हीच्या जुन्या पद्धतीच्या चित्रासाठी आहे. गेमच्या रेकॉर्डिंगमध्ये इंटरलेसिंग नसतंच. बंद करावा, एन्कोडिंगचा थोडा वेळही वाचतो. चौथी, ऑडिओ. काही सांगितलं नाही तर पहिलाच ट्रॅक घेतला जातो. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या ट्रॅकवर सगळं एकत्र, दुसऱ्यावर गेमचा आवाज आणि तिसऱ्यावर कॉमेंट्रीचा माइक असतो. दुसरा-तिसरा ट्रॅक गेला की पुढे एडिटिंगमध्ये माइकमागची पंख्याची घरघर वेगळी काढता येत नाही. उरलेले सगळे ट्रॅक जोडून त्यांना ‘एएसी पासथ्रू’ द्यावं, म्हणजे आवाज जसाच्या तसा जातो. १६० किलोबिटचा एक ट्रॅक तासाला ७२ एमबी घेतो. व्हिडिओच्या मानाने ही किंमत काहीच नाही. आवाजात काटकसर करू नये.

या चार गोष्टी बदलल्या की त्यांचा स्वतःच्या नावाने प्रीसेट साठवून ठेवावा. दर फाइलला हाताने बदलायचं म्हटलं की एखादी राहतेच.

मग आरएफ. आकडा कमी म्हणजे दर्जा जास्त आणि फाइल मोठी. एच.२६४ या व्हिडिओ प्रकाराच्या एक्स२६४ एन्कोडरमध्ये आकडा ६ ने वाढवला की आकार साधारण निम्म्यावर येतो. हँडब्रेकवाले १०८०पी साठी २० ते २४ सुचवतात. आम्ही एकेका तुकड्याच्या १८, २०, २२, २४ आणि २६ अशा प्रती काढल्या. हँडब्रेकच्या ‘रेंज’मध्ये सेकंद देऊन मूळ फाइलमधूनच तेवढा भाग एन्कोड करता येतो, ते सोयीचं पडतं. तुलना करताना दोन्ही व्हिडिओ १०० टक्के आकारात पाहावेत. आधी चालू ठेवून पाहावेत आणि मगच एखादी फ्रेम थांबवावी. थांबवलेल्या फ्रेममध्ये जो दोष डोळ्यात खुपतो तो ६० फ्रेमच्या वेगात दिसतही नाही. उलट गवताचं थरथरणं किंवा दर दोन सेकंदांनी चित्राला बसणारा हलकासा धक्का फक्त चालत्या चित्रातच कळतो. कुठे पाहायचं हेही ठरलेलं असावं: हालचालीनंतर कॅमेरा थांबतो ती पहिली अर्धी सेकंद, धुराच्या कडा, दूरच्या झाडांची पानं आणि हलत्या पार्श्वभूमीवरची स्थिर अक्षरं.

डोळ्यांवर भागलं नाही तर व्हीएमएएफ, म्हणजे चित्राच्या दर्जाचे गुण, मोजता येतं. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुली केलेली ही मोजणी ० ते १०० गुण देते आणि एफएफएमपेगमधून चालते. त्यात कोणती फाइल मूळ आणि कोणती लहान केलेली, हा क्रम उलटला तर गुण चुकतात. सरासरीवरही विसंबू नये. सरासरी ९५ असलेल्या फाइलमध्ये स्फोटाच्या वेळचे गुण ७० पर्यंत पडलेले असू शकतात, म्हणून फ्रेमगणिक आकडे काढून तळचे पाहावेत. आणि अंधाऱ्या आकाशातले पट्टे या मोजणीला नीट दिसत नाहीत. तिथे निकाल डोळ्यांचाच.

अंधाराचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. ८ बिटच्या नेहमीच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या असतात. रात्रीचं आकाश किंवा धुकं यातल्या मोजक्याच पायऱ्यांत मावतं, आणि एन्कोडरने गोळाबेरीज केली की सावकाश बदलणाऱ्या छटेच्या जागी पट्टे दिसतात. एच.२६४ नंतरच्या एच.२६५ साठी ‘१०-बिट एक्स२६५’ हा एन्कोडर निवडला की मूळ फाइल ८ बिटची असली तरी फायदा होतो, कारण आतली गणितं जास्त बारकाईने होतात आणि आकारही वाढत नाही. त्याच्या जोडीला व्हिडिओ टॅबमधल्या जादा पर्यायांच्या चौकटीत एक्यू-मोड ३ दिला, ज्याने अंधाऱ्या भागांना जास्त बिट्स मिळतात, आणि एसएओ बंद केला. एसएओ कडा गुळगुळीत करतो. कार्टूनसारख्या गेमला तो बरा, पण दगड, वाळू आणि गवताचा पोत तो पुसून टाकतो.

बारीक लाल अक्षरं मात्र कोणत्याही आरएफने सुधारत नाहीत. रंग साठवायच्या नेहमीच्या ४:२:० पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला असते, रंगाची माहिती मात्र चार पिक्सेलना मिळून एक. म्हणून लाल किंवा निळी बारीक अक्षरं आणि लाल क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) रेकॉर्डिंगमध्येच फुटलेले असतात. आरएफ १४ पर्यंत खाली नेऊन फाइल फुगवायची आणि अक्षरं तशीच, असं होतं. उपाय खेळतानाच करायचा: क्रॉसहेअर पांढरा किंवा हिरवट ठेवायचा, गेममधल्या अक्षरांचा आकार एक पायरी वाढवायचा.

शेवटी आमचं ठरलं ते असं: एक्स२६५ १०-बिट, आरएफ २२, एन्कोडरचा वेग ‘स्लो’. गवत-पानांच्या गेमना आरएफ २०, माइनक्राफ्टसारख्यांना २४. गोळीबाराच्या गेमचं ४० मेगाबिटचं रेकॉर्डिंग यात १२ मेगाबिटच्या आसपास आलं, म्हणजे तासाला साडेपाच जीबीच्या जवळ. रेसिंगचं २० मेगाबिटच्या खाली उतरायला तयार नव्हतं आणि ते तसंच राहू दिलं. तिथे बिट्स खरोखर लागतात. ‘व्हेरी स्लो’ वापरून वेळ कितीतरी वाढतो आणि चित्रात पडणारा फरक शोधावा लागतो, म्हणून ‘स्लो’च्या पुढे गेलो नाही.

एक्स२६४ चा आकडा एक्स२६५ ला, किंवा त्यांचा एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डातल्या एनव्हीएन्क या एन्कोडरला लावू नये. प्रत्येकाची पट्टी वेगळी आहे. एव्ही१ या आणखी नव्या व्हिडिओ प्रकाराच्या एसव्हीटी एन्कोडरची तर ० ते ६३ अशी आहे. कोणाच्या तरी सेटिंगचा फोटो पाहून ‘२३ ठेवा’ म्हणणाऱ्याला आधी विचारावं, कोणत्या एन्कोडरचं २३?

एव्ही१ हँडब्रेकमध्ये २०२२ च्या अखेरीस आलं. एन्कोडरच्या वेगाचा प्रीसेट ५ किंवा ६ आणि आरएफ २८ च्या आसपास ते एक्स२६५ पेक्षाही लहान फाइल देतं. साध्या रंगांच्या गेमना ते फार छान आहे, पण गवताचा पोत ते अधिक सहजपणे सपाट करतं असं आम्हाला दिसलं. शिवाय पाहणाऱ्याकडे काय आहे ते बघावं लागतं. आरटीएक्स ३० मालिकेपासूनची कार्डं आणि इंटेलचे अकराव्या पिढीपासूनचे बहुतेक प्रोसेसर एव्ही१ हार्डवेअरवर उलगडतात. जुना लॅपटॉप आणि घरातला जुना टीव्ही उलगडत नाहीत. एच.२६५ ला विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये वेगळं एक्स्टेन्शन लागू शकतं, पण व्हीएलसी काही न मागता चालवतं. अनोळखी संगणकावर फाइल चालायलाच हवी असेल तर २००३ पासूनचं एच.२६४ आजही सगळ्यात भरवशाचं.

वेळेचा हिशोब नाशिकच्या उन्हाळ्यात गंभीर होतो. एका तासाच्या ६० फ्रेमच्या रेकॉर्डिंगमध्ये २,१६,००० फ्रेम असतात. प्रोसेसर सेकंदाला २० फ्रेम काढत असेल तर १०,८०० सेकंद, म्हणजे तीन तास तो १०० टक्के राबतो. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर ४० अंशांच्या आसपास असताना लॅपटॉप तापमानाच्या मर्यादेला टेकतो, वेग आपोआप कमी होतो आणि तीन तासांचे पाच होतात. फाइल खराब होत नाही, फक्त उशीर होतो. रात्री दहानंतर रांग लावावी, लॅपटॉपखाली हवा खेळेल असं काहीतरी ठेवावं. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपवर टर्बो बंद होतो. वेग थोडा कमी होतो, पण तापमान बरंच खाली येतं.

पावसाळ्यात प्रश्न विजेचा. हँडब्रेक अर्धवट राहिलेलं काम पुढून सुरू करत नाही. अडीच तासांनी वीज गेली की ती फाइल पुन्हा पहिल्यापासून. घरगुती लहान यूपीएस पूर्ण भार असताना काही मिनिटंच टिकतो. म्हणून तीन-चार तासांचे स्ट्रीम आम्ही आधी लॉसलेसकटने सामन्यागणिक वेगळे केले आणि मग रांगेत टाकले. वीज गेली तर एकाच सामन्याचं काम बुडतं. शोधायलाही अशा फाइल्स सोप्या पडतात.

इथवर आलो तेव्हा दिसलं की अर्धी लढाई रेकॉर्डिंगच्या वेळीच ठरते. ६ मेगाबिटचं स्ट्रीमिंगचं सेटिंग तसंच ठेवून केलेलं रेकॉर्डिंग गवतात आधीच फुटलेलं असतं, आणि दुसरा एन्कोडर त्या चौकोनांना चित्र समजून तेच इमानदारीने जपतो. बिट्स खर्च होतात, मिळत काही नाही. अशा फाइल्स पुन्हा एन्कोड न करता जशाच्या तशा ठेवाव्यात. नव्या रेकॉर्डिंगसाठी ओबीएस या रेकॉर्डिंग प्रोग्रॅमच्या आउटपुटमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ निवडून एनव्हीएन्क, रेट कंट्रोल सीक्यूपी (ठरावीक दर्जा), आकडा १८ ते २०, कीफ्रेम २ सेकंद. एनव्हीएन्क हा कार्डावरचा स्वतंत्र भाग आहे, त्यामुळे गेमची फ्रेम फारशी पडत नाही. आणि बिट्स भरपूर दिले की त्याची उणीव दिसत नाही. ठरावीक बिटरेटऐवजी सीक्यूपी असल्याने लॉबीतली दहा मिनिटं आपोआप थोडक्यात आटोपतात. रंगांसाठी एनव्ही१२, रेक ७०९ आणि रेंज ‘लिमिटेड’; ‘फुल’ ठेवलं की पुढे कुठल्यातरी प्लेअरमध्ये काळा रंग राखाडी दिसतो किंवा सावल्या बुजतात. फाइल एमकेव्हीमध्ये करावी. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना संगणक बंद पडला तर अख्खी फाइल उघडत नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची वाचते. एडिटिंगला एमपी४ लागलं तर ओबीएसच्या फाइल मेनूतलं रीमक्स काही क्षणांत करून देतं, दर्जा न बदलता.

गेममधला फिल्म ग्रेन बंद करायलाच हवा. तो प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने टाकलेला गोंधळ असतो, आणि एन्कोडर तो जपण्यात बिट्स उधळतो. ग्राफिक्स ड्रायव्हरमधलं शार्पनिंगही रेकॉर्डिंगपुरतं उतरवावं.

मोबाइलवरच्या बीजीएमआय या गोळीबाराच्या गेमचं रेकॉर्डिंग वेगळ्या तऱ्हेने त्रास देतं. फोनचा स्क्रीन रेकॉर्डर फ्रेम रेट सतत बदलतो, आणि एडिटिंगमध्ये अर्ध्या तासानंतर गोळीचा आवाज आधी येतो आणि गोळी सुटताना नंतर दिसते. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोड ‘व्हेरिएबल’ दिसला की आधी हँडब्रेकमध्ये ६० आणि ‘कॉन्स्टंट’ देऊन काढावी, मगच एडिटिंगला घ्यावी.

ठरावीक आकारात बसवायचं काम एकाच ठिकाणी करावं लागतं, ते म्हणजे पाठवताना. डिस्कॉर्डवर मोफत खात्याला १० एमबीची मर्यादा आहे. ३० सेकंदांच्या क्लिपसाठी ९.५ एमबी धरले तर ७६ मेगाबिट, सेकंदाला अडीच; आवाजाचे वजा करून व्हिडिओला २४०० किलोबिट. एवढ्यात १०८०पी ६० टिकत नाही, ७२०पीवर आणावं आणि ‘अ‍ॅव्हरेज बिटरेट’सोबत मल्टी-पास चालू करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो जबर दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. यूट्यूबसाठी तर आधी लहान करूच नये, कारण ते पुन्हा एन्कोड करतंच. तिथे १०८०पी ६० ला १२ मेगाबिट आणि १४४०पी ६० ला २४ मेगाबिट सुचवलेले आहेत. १०८०पीचं गेमप्ले १४४०पीला वाढवून चढवलं की यूट्यूब त्याला व्हीपी९ हा अधिक कार्यक्षम व्हिडिओ प्रकार आणि जास्त बिटरेट देतं, गवतात फरक स्पष्ट दिसतो. २४ मेगाबिटचा तास १०.८ जीबी होतो. फायबरवर अपलोड ४० मेगाबिट मिळत असेल तर ३६ मिनिटं.

मूळ फाइल पुसण्याआधी तपासणी ठरलेली आहे. मीडियाइन्फोमध्ये कालावधी, फ्रेम रेट, रिझोल्यूशन, रंगांची रेंज आणि ऑडिओ ट्रॅकची संख्या जुळवायची. मग सुरुवात, मध्य, शेवट आणि चाचणीसाठी काढलेले तेच अवघड सेकंद चालवून पाहायचे. शेवटच्या मिनिटात ओठ आणि आवाज जुळतात का, ते फेसकॅम असेल तर तिथे लगेच कळतं. पेनड्राइव्हवर द्यायची असेल तर तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे ना हे बघायचं, कारण एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. आणि ज्या सामन्याचं एडिटिंग अजून व्हायचं आहे, त्याचं मूळ रेकॉर्डिंग एडिट पूर्ण होऊन वर चढेपर्यंत डिस्कवरून हलत नाही.